पहिला घोट सायबीण आत्तीचा

कोल्हापुरात मला पहिला आसरा दिला तो सायबीण आत्तीनं. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात ती कुणावरही विश्वास ठेवताना दिसणार नाही, माझ्यावर तर नाहीच, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की असल्या संशयी बाईचे उपकार ते कसले. आज माझ्या अंगावर नर्सचा पांढरा पोशाख आहे, पोटापुरतं मिळतंय, परक्या शहरात चार माणसं मला बाई म्हणून हाक मारतात. त्याच्या मुळाशी ती आहे. आणि त्याच आत्तीनं मला घरात घेण्याआधी माझा वास घेतला होता.

वास म्हणजे खरोखरचा वास. मला उंबऱ्याबाहेर उभं करून ती माझ्याभोवती फिरली. पदराशी नाक आणलं, केसांशी आणलं, हातातलं बोचकं हुंगलं. "खोबरेल," ती म्हणाली. "कोकणातली व्हय? अंगात ताप न्हाई. तोंडाला मिसरी न्हाई. बोचक्यात वाळकी मासळी हाय. आत या. पर चुलीकडं जायाचं न्हाई."

मी घाटाखालची. शाळा मराठी तिसरीत सुटली, कारण लग्न झालं. लग्नही फार टिकलं नाही, नवरा तापानं गेला. महाराजांच्या राज्यात बायकांना दवाखान्यातलं काम शिकवतात, असं कुणीतरी दिराच्या कानावर घातलं, आणि त्यानं मला घाट चढणाऱ्या गाडीत बसवून दिलं. त्यात माझं भलं किती होतं आणि घरातलं एक तोंड कमी करणं किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. निघताना तो एवढंच म्हणाला की आता परत यायची वेळ आणू नको. ते बोलणं उशाशी घेऊनच मी पुढची वर्षं झोपले.

दवाखान्यात राहायची सोय नव्हती. पेठेत दारोदार फिरले. एकटी बाई, कपाळ पांढरं, आणि शिकायचं काय तर नर्सचं. कुणी म्हणालं जागा नाही, कुणी म्हणालं आहे पण आमच्या घरात तरणी पोरं आहेत. शेवटी गल्लीच्या तोंडाशी पानाचं दुकान होतं, त्या तांबोळी चाचांनी बोट दाखवलं. "त्या निळ्या दारात जा बेटी. बाई कडू हाय. पर कारलं खाऊन कोन मेल्यालं आमी तर बगितलं न्हाई."

दार वाजवलं तर आतून घोगरा आवाज आला, "कोन हाय? थांबा पावणं, मी येतो." मी मागं सरले. वाटलं, आत पुरुष आहे आणि चाचांनी मला फसवलं. दार उघडलं तर समोर उंच, वाळकी, काष्टा घट्ट मारलेली म्हातारी. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, हे मला तेव्हा कुठं माहीत. आणि पावणं तर तिथं कुणालाही म्हणतात. मात्र आत्तीचं त्यात एक गणित होतं. ज्याच्यावर संशय जास्त, त्याला पावणं जास्त वेळा. मला ती कितीतरी महिने पावणंच म्हणत राहिली.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "हसत आला तर कडी लावावी, रडत आला तर अडसर घालावा." गवळी हसत यायचा, म्हणून त्याचं दूध ती बोटांच्या चिमटीत धरून ओढून बघायची. शेजारीण रडत आली तर आधी तिच्या मागं कोण उभं आहे ते बघायची. देवळातला प्रसादसुद्धा नाकाला लावल्याशिवाय तोंडात जायचा नाही. एकदा रस्त्यानं महाराजांची गाडी गेली, सगळी पेठ वाकून मुजरा करत होती, आत्तीनंही केला. पण ताठ होता होता पुटपुटली, "महाराज लाख मानूस. पर गाडीच्या मागं लोंबकळत्यात त्येंचं काय?"

चाचांवरही तिचा विश्वास नव्हता, तरी पान त्यांच्याकडचंच लागायचं. "चाचा, कात जुना दिसतोय," ती म्हणायची. "आत्ती, तू तरी कुटं नवी हायेस? तुला कुनी परत केलं का?" चाचा विचारायचे. मग ती पान उघडून, चुना हुंगून, सुपारीचं खांड वेगळं चावून बघून, पुन्हा घडी घालून तोंडात टाकायची. चाचा आजूबाजूच्यांना सांगायचे, "बघा, सायबीण जेवली. आता तुमी खावा, इख न्हाई त्यात."

सायबीण हे नाव लोकांनी हिणवायला ठेवलेलं होतं, हे मला हळूहळू कळलं. तरुणपणी ती रेसिडेन्सीकडच्या एका साहेबाच्या बंगल्यात होती. तिथं काय करत होती हे गल्लीत जो तो आपापल्या मनाच्या मापानं सांगायचा. मीही त्यातलं काही ऐकलं आणि खरं सांगायचं तर मीही दार आतून लावून झोपायला लागले. तिला माझा संशय, मला तिचा. एका छपराखाली दोन मांजरं राहावीत तशा आम्ही राहत होतो.

त्यातून तिची ती सवय. पहिल्या दिवशी तिनं मला भाकरी वाढली, वर आमटी ओतली आणि माझ्या ताटातला पहिला घास स्वतः खाल्ला. मग पाण्याच्या तांब्यातला घोट वरून घेतला. मग ताट माझ्याकडं सरकवलं. मला वाटलं ही करणी आहे, नाहीतर माझ्या घासातला घास कमी करायची रीत आहे. रोज तेच. मी आजारी पडले तेव्हा वैद्याचा काढासुद्धा आधी तिनं घेतला, तोंड वाकडं केलं आणि मग मला दिला. विचारलं तर एकच उत्तर: "ज्येच्या तोंडात घालायचं, ते आदी आपल्या तोंडात घालावं."

याचं मूळ तिनं एका दुपारी सांगितलं. आम्ही दोघी वाती वळत होतो. मी सहज म्हणाले की शिकून झाल्यावर मला नर्स म्हणतील. तिचे हात थांबले.

"त्यो शब्द ह्या घरात नको," ती म्हणाली.

"का बरं?"

"मलाबी म्हनत हुती."

ती गडमुडशिंगीची. पहिली मुलगी झाली होती, अंगावर पीत होती. बंगल्यावरच्या मडमेला दूध नव्हतं, म्हणून पट्टेवाला गावोगाव धडधाकट बाळंतीण शोधत आला. नवऱ्यानं हो म्हटलं. मुलीला बहिणीकडं ठेवलं आणि आत्ती साहेबाच्या मुलाला पाजायला बंगल्यावर गेली. तिथं तिला न्हाऊ घातलं, दात बघितले, दूध बघितलं. घरी जायला बंदी, कारण गावातनं रोगराई आणेल. पुढं मुलगा वरचं खायला लागला तेव्हा मडमेचा खानसाम्यावर संशय. मग हुकूम निघाला, पोराच्या तोंडात जाईल ते आधी हिनं खायचं.

"संशय त्येंचा, जीभ माजी," आत्ती म्हणाली. "मडम मला हाक मारायची ती आया म्हनून. दुसऱ्या मडमा आल्या की माज्याकडं बोट करून म्हनायची नर्स. समोर एक नाव, येकमेकींत दुसरं. आपल्याम्होरं आपल्याबद्दल परक्या भाषेत बोलत्यात ते काय चांगलं बोलत असतील?"

"आणि तुमची मुलगी?"

तिनं वात वळून संपवली. "बहीन वरचं दूध घालत हुती. एक दिस नासल्यालं गेलं म्हनं. तिचं चाखायला कोन न्हवतं."

मुलगा चालता बोलता झाला आणि एका सकाळी साहेबाचं सामान गाडीत चढलं. आत्तीला पाठीमागच्या अंगणात कपडे वाळत घालायला पाठवलं होतं. ती पुढं आली तेव्हा रस्त्यावर धूळ होती. तेवढंच. त्या दिवसापासून तिनं कुठल्याही मडमेसमोर उभं राहायचं नाही असं ठरवलं, आणि ते पाळलं.

हे ऐकल्यावर मी दार आतून लावायचं सोडलं. तिनं मात्र लगेच ओळखलं. "काल कडी न्हाई लावलीस," सकाळी म्हणाली. "असं करू नये. मानसाचा भरवसा न्हाई. माजाबी."

दवाखान्यात शिकणाऱ्या आम्हा बायकांना इंग्रजीची चार अक्षरं यावीत म्हणून एक मास्तर ठेवले होते. बाटल्यांवरची नावं वाचता यावीत एवढाच हेतू. शिकवणी दुपारी शाळेच्या ओसरीवर व्हायची. पुरुष शिकवणार म्हटल्यावर आत्तीनं चपला घातल्याच. ती ओसरीच्या पायरीवर बसायची, शेंगा सोलायची आणि मास्तरांच्या हाताकडं बघत राहायची. मास्तर म्हातारे, सज्जन, शब्दांचे वेडे. ते म्हणत, "परक्या शब्दाचं नुसतं नाव विचारून भागत नाही. गाव विचारावं, आई कोण ते विचारावं." हे आत्तीला एकदम पटलेलं होतं. मला वाटतं मास्तरांवरचा तिचा संशय त्या एका वाक्यानं अर्ध्यावर आला.

एक दिवस मीच विचारलं, नर्स या शब्दाचं गाव कुठलं. पायरीवर शेंगांचा आवाज बंद झाला.

मास्तर खुलले. म्हणाले, इंग्रजांकडं हा शब्द फ्रेंच लोकांकडून आला, आणि त्यांच्याकडं लॅटिनमधून. तिथं त्याचा अर्थ दुसऱ्याच्या लेकराला अंगावर पाजणारी बाई, दूधआई. पोसणं, वाढवणं ही त्याच घरातली माणसं. मग दूध आटलं तरी नाव राहिलं. न पाजता नुसतं मूल सांभाळणारीलाही नर्स म्हणू लागले. मूल सांभाळणारी ती आजाऱ्यालाही सांभाळेल, म्हणून पुढं शुश्रूषा करणारीला ते नाव मिळालं. झाडांची रोपं जिथं जपून वाढवतात त्या जागेलाही त्यातूनच नाव पडलं. "आणि गंमत बघा," मास्तर म्हणाले, "मनात कुणाबद्दल राग धरला, तो विसरू नये म्हणून रोज थोडं थोडं पाजून जिवंत ठेवला, तर इंग्रज त्या रागालाही नर्स करतात."

बायका हसल्या. मास्तर रंगात आले होते. "मोठे पंडित असंही मानतात की लॅटिनमधलं ते मूळ आणि आपल्या संस्कृतातलं एक मूळ एकच असावं. झरणं, दूध स्रवणं असा त्याचा अर्थ. त्यातूनच प्रस्नव, आणि प्रस्नवाचा आपल्या तोंडी झाला पान्हा."

"म्हंजे शब्दबी हितनंच नेला व्हय?" पायरीवरून आवाज आला.

"नेला नाही हो बाई. एका आईच्या दोन मुली समजा. एक तिकडं दिली, एक इकडं."

"दोगी बहिनी?"

"अगदी बहिणी."

आत्तीनं शेंगेचं टरफल दूर फेकलं. "मग एकीचं पोर दुसरीला का संबाळता आलं न्हाई?"

मास्तरांना तो विनोद वाटला. ते मनमोकळं हसले, बायकाही हसल्या. मी पाटीकडं बघत बसले. उरलेल्या शेंगा ओटीत घेऊन ती घरी निघाली. चाचांचं दुकान जवळ आल्यावर एकदम म्हणाली, "त्यो रागाचा काय म्हनला मास्तर?" मी पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली. "मग ह्या पेठंत सगळ्यात जुनी नर्स मीच की गं." चाचांनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काय न्हाई. पान द्या. कात बघून."

आता ती गोष्ट सांगते जिच्यामुळं माझं सगळं जाणार होतं.

दवाखान्यात बाळंतपणानंतर गळून गेलेल्या बायकांना चमच्यानं पाण्यात मिसळून ब्रँडी देत. बाटली कपाटात असायची. ती लवकर संपू लागली. कंपाउंडर आमच्याकडं बघायचा, आम्ही एकमेकींकडं. मोठ्या डॉक्टर म्हणजे एक इंग्रज मडम होत्या. बोलणं मऊ, नियम कडक. त्यांनी सांगून ठेवलं की जिचा हात त्यात सापडेल तिनं दुसऱ्या दिवशी यायचं नाही. त्या काळात माझी झोपच गेली होती. मी काही केलं नव्हतं, तरी प्रत्येक वेळी कपाटाशी जाताना मागं वळून बघायचे. परक्या गावची, एकटी, विधवा. संशयाला बसायला माझ्यासारखा पाट दुसरा कुठला?

एका कोष्ट्याच्या बायकोला डोस द्यायचा होता. मी चमचा भरला, तिच्या डोक्याखाली हात घातला आणि चमचा आधी माझ्या ओठाला लावला. मी ते ठरवून केलं नाही. इतक्या महिन्यांत आत्तीचा हात माझ्या हातात कधी येऊन बसला होता, मला कळलंच नव्हतं. जीभ भाजली आणि वर बघितलं तर दारात कंपाउंडर.

मडमनी फार काही विचारलं नाही. "उद्यापासून येऊ नको. आम्ही विचार करू," एवढंच म्हणाल्या. मी घरी आले तेव्हा डोळ्यांपुढं घाटातला रस्ता दिसत होता आणि त्याच्या शेवटी दिराचं बंद दार.

आत्तीनं मला बघताक्षणी जवळ ओढलं आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. "दारू हाय," ती म्हणाली.

"चाखली."

"का?"

"तुम्हीच शिकवलंत."

ती कितीतरी वेळ माझ्याकडं बघत राहिली. त्या नजरेत संशय होता, हे मी लपवणार नाही. खरं बोलतेय की नाही, हे ती तपासत होती. मग उठली. "पायतान कुटं हाय माजं?"

वाटेत ती माझ्यापुढं चालत होती. दवाखान्याच्या फाटकाशी मात्र थांबली. पदर सारखा केला, पुन्हा केला. मी म्हणाले, आत्ती, राहू दे. ती म्हणाली, "तू गप ऱ्हा," आणि आत शिरली.

मडम वॉर्डातच खुर्चीवर बसल्या होत्या. आत्ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"तू हिची कोण आहेस?" मडमनी विचारलं. त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं.

"मी हिचं चाखतो," आत्ती म्हणाली.

मडमना कळलं नाही. "ही मुलगी मद्य पीत होती."

"पीत न्हवती. चाखत हुती. प्येनारा चमचा घेत न्हाई बाई, बाटली घेतो."

"रुग्णाचं औषध चाखण्याचं कारण काय?"

"कारन मी. आनि मला तुमच्याच मडमेनं शिकवलं, तिच्या पोराला अंगावर पाजत हुतो तवा. पोराच्या तोंडात जाईल ते आदी माज्या तोंडात. पोरगं ग्येलं बोटीनं, सवय हितंच ऱ्हायली."

"ती मी नव्हते, बाई."

"तुमी न्हवं. पर खुर्ची तीच."

वॉर्डात बायका उठून बसल्या होत्या. कंपाउंडर कपाटाशी उभा होता. मडमचा चेहरा लाल झाला, मला वाटलं आता दोघींनाही बाहेर काढतील. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरचं पोर रडायला लागलं. त्याची आई तापात होती, म्हणून त्याला शेळीचं दूध द्यायचे. दाई वाटी घेऊन आली, तिला आमच्या भांडणाचं काही माहीत नव्हतं. मी जवळ होते म्हणून तिनं वाटी माझ्या हातात दिली आणि दुपटं आणायला गेली.

मी पोराला मांडीवर घेतलं. बोंडल्यात दूध भरलं. पहिला थेंब जिभेवर घेतला.

"चांगलं हाय?" मागून आत्तीनं विचारलं.

"चांगलं आहे," मी म्हणाले आणि पोराला पाजू लागले.

वॉर्डात एकदम शांत झालं तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. पोर मात्र चुटूचुटू पीत होतं. मडम माझ्याकडं बघत होत्या, मग आत्तीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. घरात रोज जे आमच्यात घडायचं तेच त्यांच्यासमोर घडलं होतं, आणि शेळीच्या दुधाची कुणी चोरी करत नाही.

"उद्या ये," मडम म्हणाल्या. "परंतु चाखायचं नाही. तुझ्या तोंडातला रोग त्यांच्या तोंडात जातो, त्यांचा तुझ्या. नाव दोनदा वाच, वास घे, दूध असेल तर थेंब मनगटावर टाक. चाखलंस तर मी काढून टाकीन." मग त्या उठल्या आणि आत्तीला म्हणाल्या, "आमच्या भाषेत नर्स या शब्दाचा पहिला अर्थ तुम्ही आहात. ही नंतरची आहे."

"म्हाईत हाय," आत्ती म्हणाली. "मास्तर म्हनलाय."

परतताना मला वाटलं ती खूश असेल. ती म्हणाली, "मनगटाला काय कळतंय? मनगटाला जीभ हाय व्हय?" आणि जरा पुढं गेल्यावर, "तुमी म्हनली मला. आदी तू म्हनत हुती. काय मतलब असंल?" ब्रँडी कोण पीत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढं कंपाउंडर कधी गल्लीतून गेला तर आत्ती दारात उभी राहून मोठ्यानं हवा हुंगायची आणि चाचा दुकानातून विचारायचे, "आत्ती, आज कंच्या बाटलीचा वास?"

मी शिकून तयार झाले. पुढं लढाई सुरू झाली तेव्हा बाहेर माणसं हवी होती, मला कराचीच्या हॉस्पिटलात पाठवायचं ठरलं. आत्तीला सांगितलं तर तिनं आधी विचारलं, तिथं पाणी कसलं. मग विचारलं, कोण पाठवतंय, त्यात त्याचा काय फायदा. स्टेशनवर ती आली. शिदोरी सोडून प्रत्येक दशमीचा कोपरा मोडून तिनं खाल्ला, मग फडकं पुन्हा बांधलं. मी पाया पडायला वाकले तर म्हणाली, "वाकू नगस, सामानाकडं बग."

गाडी हलायच्या जरा आधी तिनं खिडकीच्या गजाला धरलं. "पोरी," ती म्हणाली. पावणं नाही, पोरी. "तिकडं गोरं शिपाई येत्यात म्हनं. माजं पोरगं आता मोटा बाप्या झाला आसंल. डाव्या कानामागं तीळ हाय त्येच्या. दिसला तर..." ती थांबली. "दिसला तर काय न्हाई. जेवलाय का बग."

इथं गोऱ्यांच्या वॉर्डात माझं काम कधीमधीच पडतं. पडलं की उशी नीट करण्याच्या निमित्तानं मी डावा कान बघून घेते. अजून तीळ दिसलेला नाही. काम मडमनी सांगितलं तसंच करते. नाव दोनदा वाचते, वास घेते, थेंब मनगटावर टाकते. बरोबरच्या मुली म्हणतात, ही कुणावर विश्वास ठेवत नाही. मला ते ऐकून बरं वाटतं, पण तसं त्यांना सांगत नाही.

परवा तांबोळी चाचांचा पुतण्या पलटणीबरोबर इथून गेला. त्यानं मला शोधून काढलं. आत्तीनं अंथरूण धरलंय, म्हणाला. शेजारणी पेज घेऊन जातात, चाचांची सून दूध घेऊन जाते, पण ती तोंड मिटून घेते. "म्हनती, चाखल्याबिगार कसं घिऊ? आमी म्हनलं, आमी चाखतो की. तर म्हनती, तुमाला चाखता येत न्हाई." हे सांगताना तो हसत होता. मी हसले नाही. तिला काय हवंय ते मला ठाऊक आहे, आणि ते देणारं माणूस इतक्या लांब येऊन बसलंय.

मी रजा मागितली आहे. आजारी फार आहेत, लगेच मिळणार नाही असं म्हणतात. आत्ती, तुझे पांग या जन्मी फिटतील असं मला वाटत नाही, पण एवढं मात्र करीन. रजा मिळेल त्या दिवशी गाडीत बसेन, निळं दार वाजवीन आणि तुला माझा वास घेऊ देईन. मग पेज करीन, तुझ्या मानेखाली हात घालीन आणि मडमनी घालून दिलेला नियम त्या एका दिवशी मोडीन. पहिला घोट माझा. तोवर थांब.